आमच्या अंगणातले सिग्नल

आमच्या देवगावला रेल्वे नाही. देवगाव रंगारीच्या माणसाला गाडी पकडायची तर आधी लासूर स्टेशन गाठावे लागते. तरीसुद्धा गेल्या वर्षापासून आमच्या घरामागच्या अंगणात सोळा फुटांची एक रेल्वे आहे आणि तिला दोन सिग्नल आहेत. स्नेहसंमेलनाच्या प्रदर्शनात ते सिग्नल मांडले होते, तेव्हा मित्रांनी आणि काही प्राध्यापकांनीही बरेच प्रश्न विचारले. गाडीपेक्षा सिग्नलच बारकाईने का केले? हात खाली पडला म्हणजे ‘या’ की ‘थांबा’? आणि शेजारी खुर्चीवर अडकित्ता घेऊन बसलेले ते म्हातारे गृहस्थ कोण? त्या गर्दीत धड उत्तरे देता आली नाहीत, म्हणून हा लेखनप्रपंच. मी कला शाखेचा विद्यार्थी आहे, विज्ञान दहावीला सुटले ते सुटलेच. तेव्हा पुढे जे गणित येईल ते माझ्यासारख्यांना झेपेल इतकेच आहे.

प्रथम रेल्वेविषयी. माझे आजोळ जळगाव जिल्ह्यातील शेंदुर्णीचे. पाचोऱ्याहून जामनेरला जाणारी ‘पीजे’ शेंदुर्णीवरून जात असे. अडीच फूट रुंदीचा, म्हणजे ७६२ मिलिमीटरचा नॅरोगेज रूळ आणि छप्पन्न किलोमीटरचा रस्ता. लहानपणी सुट्टीत तिच्यातून जाताना मला ती आपल्याच मापाची वाटे. २०२० च्या टाळेबंदीत सगळ्याच गाड्या थांबल्या, पण ही पुन्हा निघाली नाही. रूळ रुंद करायचे म्हणून ती कायमचीच थांबली. मनात राहिलेली ती गाडी मला अंगणात आणायची होती. परदेशात बागेतल्या रेल्वेचे तयार रूळ, डबे, इंजिने मिळतात. त्यांच्या किमती पाहून मी ते पान मिटले. गावातल्या फॅब्रिकेशनच्या दुकानात उरलेल्या लोखंडी पट्ट्यांचे रूळ केले, बाभळीच्या फळकुटांचे स्लीपर केले. माप १ ला २० धरले, कारण भागाकार सोपा. ७६२ ला २० ने भागले की ३८, म्हणून दोन रुळांत ३८ मिलिमीटर अंतर. इंजिन लाकडाचे असून ते हाताने ढकलावे लागते, हे कबूल करून टाकतो.

सिग्नल मात्र ‘पीजे’चे नाहीत, ते आजोबांचे आहेत. आजोबा रेल्वेत सिग्नल खलाशी होते. मनमाडहून हैदराबादकडे जाणारा आपला मार्ग १९०० च्या सुमारास निजामाच्या काळात मीटरगेजचा झाला आणि नव्वदच्या दशकात ब्रॉडगेज झाला. त्या मीटरगेजवर आजोबांची निम्म्याहून अधिक नोकरी गेली. रोज संध्याकाळी शिडीने खांबावर चढायचे, रॉकेलचा दिवा लावून ठेवायचा, सकाळी उतरवायचा. तारा ताणायच्या, चाकांना तेल द्यायचे. आज त्यांनी ऐंशी ओलांडली आहे, मोतीबिंदूमुळे नीट दिसत नाही. नॅरोगेजच्या रुळाशेजारी मीटरगेजचे सिग्नल ही त्यांच्या मते खिचडी आहे. पण खिचडीला त्यांनी नाही म्हटले नाही.

आता हात पडण्याविषयी. जुन्या सिग्नलच्या खांबाला लांब लोखंडी फळी असते, तिला ‘हात’ म्हणतात. चालकाकडून पाहिले तर तो खांबाच्या डाव्या बाजूला असतो. हात आडवा म्हणजे थांबा. हात खाली झुकला म्हणजे रस्ता मोकळा. म्हणून लासूरच्या फलाटावर कुणी “सिग्नल पडला!” म्हणाले की टोपल्या, पेट्या, पोरेबाळे उचलली जात. शहरातला माणूस मोटारसायकलवर बसून ‘सिग्नल पडला’ म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ नेमका उलटा, तांबडा दिवा लागला असा असतो. एकाच वाक्याचे हे दोन अर्थ आमच्या मराठी विभागाने नोंदवून ठेवावेत असे आहेत.

स्टेशनात शिरण्याआधी गाडीला पहिला भेटतो तो आउटर, मग होम, आणि निघताना स्टार्टर. या सगळ्यांचे हात तांबडे, टोक सरळ कापलेले, टोकाजवळ पांढरा पट्टा. आणखी एक वॉर्नर असतो, त्याचे टोक माशाच्या शेपटीसारखे कापलेले. तो फक्त पुढची वार्ता सांगतो. जिथे एका वेळी एकच गाडी सोडतात अशा लहान मार्गांवर एवढ्या थाटाची गरज पडत नाही, पण माझ्या सोळा फुटांवर पुतण्याची दुसरी गाडीही धावते. त्यामुळे आउटर आणि होम असे दोन सिग्नल करायचे ठरले.

खांबासाठी जुन्या छत्रीची नळी घेतली. सहा मीटरचा खांब २० ने भागला की तीस सेंटिमीटर, आणि छत्रीच्या नळीची जाडी या मापाला अगदी शोभते. तेलाच्या डब्याचा पत्रा कापून साडेसहा सेंटिमीटर लांब आणि सव्वा सेंटिमीटर रुंद हात केला. सायकलच्या स्पोकचा तुकडा हा आस. सोळा फूट लांबून खटका ओढला की दोरा ताणला जाई आणि हात खाली येई. खटका सोडला की हात वर जावा म्हणून मागे एक रबर लावले होते. पहिल्या दिवशी मी तो शंभर वेळा तरी खालीवर केला असेल.

आजोबा ओट्यावर बसून ऐकत होते. त्यांनी एवढेच विचारले, “दोर तुटला तर हात कुठं जाईल?”

“वर जाईल, रबर आहे ना!”

“आन् रबर तुटलं तर?”

मी म्हणालो, कशाला तुटेल. एप्रिलचे ऊन होते. पंधरवड्यात रबर वाळून तडकले आणि एका दुपारी तुटले. हात खाली पडून राहिला. मी खटका थांब्यावर टाकून निर्धास्त होतो. माझे इंजिन सिग्नलच्या पलीकडे उभे होते आणि अलीकडून पुतण्याने हात पडलेला पाहून आपली गाडी सोडली. धडक बसली, इंजिनाचे धुराडे मोडले, पोर रडू लागले. मी त्याच्यावरच ओरडलो. आजोबा उठून आले, खांब चाचपडला, हाताला बोट लावून पाहिले आणि म्हणाले, “त्याला कामून रागावतो? त्यानं सिग्नल पाहून गाडी सोडली.” आणि आत निघून गेले. दोन दिवस ते अंगणात आले नाहीत. मला ते फार लागले.

त्या दोन दिवसांत मी वाचायला घेतले. क्रांतीच्या काळात फ्रान्समध्ये शाप बंधूंनी टेकड्यांवर हात हलवणारे मनोरे उभारून निरोप पोहोचवण्याची सोय केली होती. तो हात १८४० च्या दशकाच्या आरंभी इंग्लंडमध्ये ग्रेगरी नावाच्या अभियंत्याने रेल्वेच्या खांबावर आणला. गंमत अशी की सुरुवातीला कित्येक मार्गांवर हा हात एरवी ‘मोकळा’ ठेवत आणि अडवायचे असेल तेव्हाच ‘थांबा’ दाखवत. २१ जानेवारी १८७६ रोजी इंग्लंडमध्ये ॲबट्स रिप्टन येथे बर्फ पडत होते. खटके थांब्यावर टाकले होते, पण बर्फ गोठल्याने हात ‘मोकळा’ स्थितीतच अडकून राहिले. स्कॉटलंडहून येणारी जलद गाडी कोळशाच्या गाडीवर आदळली आणि त्या ढिगाऱ्यावर दुसऱ्या बाजूने आलेली आणखी एक जलद गाडी. त्यानंतर सिग्नल एरवी ‘थांबा’ स्थितीतच ठेवण्याची रीत रूढ झाली. दिव्यांचेही तसेच. पूर्वी पांढरा दिवा म्हणजे रस्ता मोकळा असे. मग तांबडी काच फुटली की दिवा पांढरा दिसे आणि ‘थांबा’चे ‘या’ होई! एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस पांढऱ्याच्या जागी हिरवा आला. हे वाचताना आमच्या अंगणातले धुराडे माझ्या डोळ्यांपुढे होते.

तिसऱ्या दिवशी मी आजोबांना हे वाचून दाखवले. बर्फाचे ऐकून ते हसले, मग त्यांनी आपली एक हकीकत सांगितली. पावसाळ्यातली रात्र, आडवळणाचे एक स्टेशन. कुठेतरी झाड पडून आउटरची तार तुटली. स्टेशनातून कितीही खटका ओढला तरी हात पडेना. मालगाडी आउटरला उभी राहून शिट्टीवर शिट्टी देत होती. आजोबा कंदील घेऊन चिखलातून चालत गेले. चालकाने त्यांना शिव्या घातल्या. “मी म्हटलं, घाल बाबा शिव्या. गाडी उभी हाय ना? तार तुटली, हात आपसूक वर गेला, गाडी उभी राहिली. त्या रातीला मी निवांत झोपलो.”

तार तुटल्यावर हात आपसूक वर कसा जातो, हीच या लेखातली मुख्य गोष्ट. झुकणारी वस्तू मोकळी सोडली तर खालीच पडणार. म्हणजे ज्या सिग्नलचा हात खाली पडल्यावर रस्ता मोकळा होतो, त्याला निसर्गाच्या भरवशावर सोडून चालत नाही. (हात वर उचलून रस्ता देणारेही सिग्नल असतात. त्यांचे हे दुखणे उपजतच नाही. पण आजोबांचे सिग्नल खाली पडणारे होते.) त्यावर उपाय वजनाचा. खांबाच्या बुडाशी एक तरफ असते, तिच्या टोकाला जड लोखंडी वजन. तार ओढली की वजन उचलले जाते आणि उभ्या सळईमार्फत हात खाली येतो. तार सोडली किंवा तुटली तर वजन खाली बसते आणि हात वर ढकलला जातो. आजोबांच्या शब्दांत, “रबराला वय असतं, वजनाला नसतं.”

मी रबर काढून टाकले. बुडाशी सायकलच्या स्पोकची तरफ केली, टोकाला मोठा नट अडकवला. आजोबा आजीचा अडकित्ता घेऊन आले. हात खाली पाडायला सांगितला आणि सुपारी कातरावी तसा ताणलेला दोरा कातरला. टक् असा आवाज करून हात वर गेला. मी टाळी वाजवली.

“थांब,” म्हणाले, आणि चाचपडत वर जाऊन त्यांनी ती उभी सळईच हातापासून काढून टाकली. हात भुईकडे तोंड करून लोंबू लागला.

“सळई तुटली तर?”

खरे सांगतो, मला त्या क्षणी त्यांचा राग आला. तार तुटेल, मान्य. आता सळईही तुटायची? पण त्यांनी दाखवले ते असे की खऱ्या सिग्नलमध्ये त्याचीही तजवीज असते, आणि ती चष्म्यात असते. आसाच्या एका बाजूला हात, तर दुसऱ्या बाजूला दोन काचांची बिडाची चौकट. हाच चष्मा. वरची काच तांबडी, खालची हिरवी. हात आडवा असताना दिव्यासमोर तांबडी काच असते. हात पडला की चष्म्याची बाजू वर जाते आणि हिरवी काच दिव्यासमोर येते. मला वाटे चष्मा फक्त रंगांसाठी आहे. तो मुद्दाम हातापेक्षा भारी केलेला असतो. सगळे सांधे तुटले, फक्त आस उरला, तरी चष्मा आपल्या भाराने खाली बसतो आणि हात आडवा होतो.

इथे गणित आले. मी हात काढून सोनाराकडे नेला. त्याच्या काट्यावर तो दोन ग्रॅम भरला. हाताचा मध्य आसापासून सव्वातीन सेंटिमीटरवर, म्हणजे त्याचा खाली ओढण्याचा जोर दोन गुणिले सव्वातीन, साडेसहा. चष्म्याचे वजन आसापासून अवघ्या १.२ सेंटिमीटरवर बसत होते. साडेसहाला १.२ ने भागले की साडेपाच ग्रॅमच्या जवळपास. एवढ्याने तोल बरोबर होतो, वर आसाच्या घर्षणासाठी काही हवे. मी चष्म्यामागे शिशाची पट्टी ठोकून एकूण सात ग्रॅम केले. हात झकास वर जाऊ लागला. मग हौसेने ऑइलपेंटचे दोन हात दिले, तांबडा आणि पांढरा, आणि दुसऱ्या दिवशी हात पुन्हा अर्धवट झुकलेला! रंगालाही वजन असते, आणि आसात गेलेला रंग वाळून घट्ट बसतो. गावाच्या नावात रंगारी असून मला हे कळू नये. आस घासून तेल दिले, शिसे आठ ग्रॅम केले, हात आडव्याच्या वर जाऊ नये म्हणून एक चूक ठोकली.

हेच सिग्नल लहान मापात केले असते तर जमले नसते, हे मला मागाहून कळले. पुण्याला कोथरूडमध्ये जोशी यांचे लघुरेल्वेचे संग्रहालय आहे, १९९८ साली सुरू झालेले. शाळेच्या सहलीत ते पाहिले होते. तिथली विजेवर चालणारी रेल्वे १ ला ८७ या मापाची आहे. समजा खरा चष्मा चाळीस किलोचा आहे. लांबी, रुंदी आणि जाडी तिन्ही वीसपट कमी झाली की वजन आठ हजारपट कमी होते आणि उरतात पाच ग्रॅम. ते आपले काम करू शकतात. पण ८७ च्या मापात तेच वजन साडेसहा लाखांनी भागले जाते आणि ग्रॅमचा सोळावा हिस्साही उरत नाही. तेवढ्याने आसाचे घर्षणही हलणार नाही. तिथे हात वर न्यायलाही शक्ती पुरवावी लागते, आणि शक्ती गेली की काय, हा आजोबांचा प्रश्न पुन्हा उभा राहतो. अंगणातली रेल्वे मोठी असते याचा मला झालेला हा सर्वांत मोठा फायदा.

तोटा उन्हाचा. दोऱ्याऐवजी पुढे मी बारीक लोखंडी तार घातली. सकाळी हात पुरा पडे, दुपारी दोन वाजता अर्धाच. आजोबांना आश्चर्य वाटले नाही. लोखंड एक अंश तापमानाला आपल्या लांबीच्या लाखात सुमारे १.२ भाग वाढते. माझी तार पाच मीटर. सकाळपेक्षा दुपारी ती पंचवीस अंशांनी तापली तर दीड मिलिमीटर लांब होते. हात पुरा पाडायला ओढ लागते पाच मिलिमीटरची, म्हणजे तिसरा हिस्सा ढिलाई काढण्यातच जातो. खऱ्या सिग्नलची तार पाचशे मीटर असेल तर तीच वाढ पंधरा सेंटिमीटर. म्हणून तार घट्ट-सैल करण्याची सोय ठेवलेली असते आणि मराठवाड्यातल्या उन्हाळ्यात खलाशाला दिवसातून पुन्हा पुन्हा ती पाहावी लागते. मी तारेच्या मध्ये एक लांब बोल्ट आणि नट घातला आहे. दुपारी दोन फेरे आवळायचे, संध्याकाळी सोडायचे. हे काम पुतण्याकडे दिले आहे आणि तो ते माझ्यापेक्षा नेमाने करतो.

दिव्याची गोष्ट राहिलीच. मी शहागंजातून तांबडा आणि हिरवा जिलेटिन पेपर आणला होता. आजोबा म्हणाले, आमची हिरवी काच हिरवी नव्हती, निळसर होती. मला वाटले वयामुळे विसरले असतील. पण कारण सरळ आहे. रॉकेलची ज्योत पिवळी. पिवळा उजेड निळसर काचेतून आला की बाहेर हिरवा दिसतो. मी मोरपंखी कागद लावून पाहिला. पांढऱ्या एलईडीपुढे तो निळा दिसला, आणि दिवाळीच्या माळेतला पिवळसर एलईडी लावताच हिरवागार. आजोबांना रंग नीट दिसत नाहीत, तरी अंधारात खांबाजवळ तोंड नेऊन त्यांनी बराच वेळ तो पाहिला. खांबाच्या मागच्या बाजूला त्यांनी एक बारीक भोकही पाडायला लावले. हात आडवा असला की त्यातून पांढरा ठिपका स्टेशनाकडे दिसतो, म्हणजे दिवा जळतो आहे हे खाली बसून कळते. “न्हाई तर दर घंट्याला शिडी चढावी लागंल,” हे त्यांचे कारण.

प्रदर्शनात ते खुर्चीवर बसून होते. कुणी पाहुणे आले की मी हात पाडायचा आणि ते अडकित्त्याने दोरा कातरायचे, त्यासाठी मी तारेच्या मध्ये वीतभर दोरा जोडला होता. दिवसभरात अडतीस गाठी मारल्या. आजीचा अडकित्ता बोथट झाला असून तिने नव्याची मागणी केली आहे, ती रास्त आहे.

अजून काम पुष्कळ राहिले आहे. सांधा ज्या बाजूला असेल त्याच बाजूचा सिग्नल पडावा, दुसरा खटका ओढताच येऊ नये, अशी खटक्यांची अडणी करायची आहे. खिळे आणि खाचा पाडलेल्या पट्ट्यांवर ती जवळजवळ जमली आहे, पण आजोबांनी अजून तपासलेली नाही. वॉर्नरचा माशाच्या शेपटीचा हात कापून ठेवला आहे, तोही सोनाराकडे न्यायचा आहे. ज्या मित्रांना असा सिग्नल करून पाहायचा असेल त्यांनी रविवारी दुपारनंतर आमच्याकडे यावे. छत्रीची नळी आणि पत्रा आपापला आणावा. शिसे माझ्याकडे उरले आहे.